पान दोनशे चौदावरची तळटीप

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि बाहेरच्या खोलीत माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, आणि त्यांच्या ऑफिसातले साहेब भांडत होते. भाऊजींचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दूधवाल्यालासुद्धा ते "आज पाणी जरा कमी घातलं असतं तरी चाललं असतं" अशा भाषेत रागवायचे. म्हणून मी कांदा तसाच टाकला आणि पडद्यामागे जाऊन उभी राहिले. चोरून ऐकू नये हे मला घरी शिकवलं होतं, पण शिकवलेलं सगळं कुठे लक्षात राहतं.

"तीन वर्षं झाली," साहेब म्हणत होते, "तिच्याकडून काही मिळालेलं नाही. पडीकच म्हणायची तिला. दुसरा शब्द नाही."

"पाच वर्षं थांबायचा नियम आहे," भाऊजी म्हणाले. "तोवर तिला पडीक म्हणता येणार नाही."

"आणि पाच वर्षांनी तरी काय दिवे लागणार आहेत?"

"ते तिचं तिला माहीत. पण ती रिकामी नाहीये साहेब. ती विसावा घेतेय."

"तुम्ही तिचे वकील का?"

"कोणीतरी व्हायला पाहिजे. तिला स्वतःला बोलता येत नाही."

पुढचं मी ऐकलं नाही. लग्नाला तीन वर्षं झालेली, मांडीवर मूल नाही, आणि घरातल्या मोठ्या माणसाने ऑफिसातल्या साहेबाला बोलावून माझा निकाल लावायला घेतलेला. कांदा स्वयंपाकघरात राहिला होता, तरी माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यातही सगळ्यात जास्त काय लागलं म्हणाल, तर ते शेवटचं. मला बोलता येत नाही म्हणे. मला. मी झोपेतही बोलते अशी तक्रार आमचे हे पहिल्या महिन्यापासून करत आले होते.

हे, म्हणजे माझे यजमान, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होते आणि त्या दिवशी कामावर होते. मी पलंगाखालची ट्रंक ओढली, चार कपडे टाकले, आईने दिलेला आरसा कपड्यांत गुंडाळला आणि ट्रंक बोळकांडीत आणून ठेवली. साहेब गेले. भाऊजी आत पाणी प्यायला निघाले आणि ट्रंकेला अडखळले.

कुठे निघालीस, असं त्यांनी विचारलं. मला ते नेहमी धाकटी म्हणत. मी म्हटलं, माहेरी. पडीक माल परत पाठवायचा असतो ना, मग तुम्ही पाठवायच्या आधी मीच जाते. आणि मग पडद्यामागे जे ऐकलं ते सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. माझं पाठांतर चांगलं होतं. चौथीत शाळा सुटली ती काही पाठांतरामुळे नाही.

भाऊजींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. मग ते माझ्या ट्रंकेवरच बसले. ट्रंकेचं झाकण वाकलं, ते आजतागायत वाकलेलंच आहे.

"अगं धाकटे," ते म्हणाले, "जमीन गं. जमिनीबद्दल बोलत होतो आम्ही."

आता आपल्या भाषेत जमीन ही 'ती', आणि मीही 'ती', त्याला मी काय करणार होते? दोघांपैकी एकाने जरी एकदा हेक्टर म्हटलं असतं, तरी त्या ट्रंकेचं झाकण वाचलं असतं.

तोवर भाऊजी नेमकं काय करतात हे आमच्या घरात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. ऑफिसात त्यांना जुळणी कारकून म्हणत, एवढंच माहीत. त्या शब्दामुळे वेगळाच घोळ व्हायचा. समोरच्या चाळीतल्या एक बाई एकदा भाच्याचा फोटो घेऊन आल्या होत्या, याचं कुठे जुळतंय का बघा म्हणून. भाऊजींनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला, मुलगा चांगला आहे म्हणाले, आणि आपण फक्त तक्ते जुळवतो असं नम्रपणे सांगितलं. स्वतःचं मात्र त्यांनी कधी जुळवलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, माझ्यासाठी रकानाच आखलेला नाही.

त्या दिवशी मात्र त्यांनी मला टेबलापाशी बसवलं आणि सगळं उलगडून दाखवलं. दर दहा वर्षांनी देशाची मोजणी होते. माणसं मोजतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण जमीनही मोजतात. किती पेरलेली, किती झाडीखाली, किती कुरण, किती घरांखाली आणि रस्त्यांखाली, आणि किती नुसतीच पडलेली. एका मोजणीचं एक जाड पुस्तक निघतं. पुढच्या मोजणीचं पुस्तक तयार होतं तेव्हा कोणीतरी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं असतं, की दहा वर्षांत काय वाढलं, काय घटलं. ते कोणीतरी म्हणजे भाऊजी. वाटतं तितकं ते सोपं नाही. कारण दर वेळी वरची नवी माणसं जुने रकाने मोडतात आणि नवे आखतात. जुन्या पुस्तकातली जमीन नव्या पुस्तकात कुठल्या नावाखाली जाऊन बसली, ते शोधायचं म्हणजे जुळणी.

भांडण कशावरून झालं तेही त्यांनी सांगितलं. जुन्या पुस्तकात एक रकाना होता, 'आळीपाळीची, विसाव्यासह'. ही डोंगरउतारावरची जमीन. तिथली माती पातळ, दर वर्षी पेरली तर दमते. म्हणून तिथले लोक एक तुकडा एक वर्ष पेरतात आणि मग तीन-चार वर्षं सोडून देतात. तोवर त्यावर गुरं चारतात, गवत कापतात, आणि पलीकडचा तुकडा पेरतात. नव्या मोजणीत तो रकानाच काढला. का, तर तक्ता कागदाच्या रुंदीत मावेना. मग मोजणीला गेलेल्या माणसाने उतारावरच्या त्या तुकड्यांचं काय करावं? पेरलेलं तर काही दिसत नाही. त्याने लिहिलं, पडीक. अशी एक लाख चाळीस हजार हेक्टर जमीन पुस्तकात पडीक झाली आणि साहेबांनी प्रस्तावनेत लिहिलं की उतारावरच्या लोकांनी जमीन टाकून दिली.

"कोणी काही टाकलेलं नाही," भाऊजी मला म्हणाले. "आपण रकाना टाकला."

त्यांना काय हवं होतं? तर त्या आकड्यावर एक छोटी चांदणी, आणि पानाच्या तळाशी एक ओळ, की ही जमीन ओस नाही, फक्त तिचं नाव बदललं आहे. एक ओळ. साहेबांचं म्हणणं, चांदण्या घातल्या की तक्ता रोग झाल्यासारखा दिसतो. आणि भाऊजींची भीती अशी की ज्या जमिनीपुढे पडीक लिहिलंय, तिच्याकडे उद्या ज्याला त्याला बोट दाखवता येईल. कोणाची नाही, कोणाला लागत नाही, देऊन टाका.

मी ट्रंक परत पलंगाखाली ढकलली. पण तो एक शब्द माझ्यापाशी राहिला. विसाव्याची. तोवर लोकांनी मला बरीच विशेषणं लावून पाहिली होती, तोंडावर आणि पाठीमागे. हे कोणी लावलं नव्हतं.

त्या रविवारपासून मी भाऊजींची मदतनीस झाले. ते तक्ते घरी आणत, एकेक ताव चार माणसांच्या टेबलाएवढा, त्यामुळे आमच्या टेबलावर आम्ही कधी जेवलोच नाही. मी आकडा मोठ्याने वाचायचा, त्यांनी दुसऱ्या तावावर तो तपासून लाल पेन्सिलीने ठिपका मारायचा. सुरुवातीला मी हजारातच अडखळत असे. सहा महिन्यांत लाखावरून कोटीवर गेले. शाळेने जे चार वर्षांत केलं नाही, ते कुरणांनी आणि झाडीने केलं.

घरातही मग तीच भाषा शिरली. यांचे केस विरळ व्हायला लागले तेव्हा मी म्हटलं, पेरलेलं क्षेत्र घटतंय. हे म्हणाले, घटत नाहीये, विसावा घेतंय. भाऊजी खालमानेने ठिपके मारत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. ते असेच हसत, आवाज न करता, जणू हसण्याचाही कुठे अर्ज करावा लागतो.

पुढच्या वर्षी पुस्तक छापून आलं. भाऊजी ते कापडाच्या पिशवीतून घेऊन आले, टेबलावर ठेवलं, आणि सरळ दोनशे चौदावं पान उघडलं. चांदणी नव्हती. तळाची ओळही नव्हती. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, आज भाजी काय आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, छान. दोन घास खाऊन उठले.

मला वाटलं, झालं, संपलं. एक ओळ नाही छापली, कोणाचं काय अडणार होतं? हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं, आणि तेही भाजीवालीकडून.

आमच्या गल्लीत एक भाजीवाली यायची. उतारावरची होती, टोपली उतरवली की आधी पाच मिनिटं कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि मगच भाव सांगायची. कितीही घासाघीस करा, ती तुमच्यापेक्षा जास्त बोलणार. त्या दिवशी ती गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, तिच्या वरच्या तुकड्याला कोणीतरी तारेचं कुंपण घातलंय आणि पाटी लावलीय. गोदामं बांधायची आहेत म्हणे. ती कचेरीत विचारायला गेली, तर ती जमीन पडीक आहे असं पुस्तकात आहे, असं सांगून बाहेर काढलं. "पुस्तकात," ती म्हणाली. "मी जन्मात पुस्तक पाहिलं नाही ताई, त्याने मला कुठे पाहिलं?"

मग तिला थोडं हसू आलं. म्हणाली, पाटीवर लिहिलंय पडीक, आणि त्या पाटीवरच भोपळ्याचा वेल चढलाय, मागच्या पेरणीचं बी राहिलं असणार.

भाऊजी आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. आमच्या घरात पडद्याआडून ऐकायची पाळी आता त्यांची होती. बाहेर आले नाहीत. ती गेल्यावर मात्र आले आणि मला विचारलं, तिचा तुकडा किती वर्षांपूर्वी पेरला होता. मी म्हटलं, तीन म्हणाली. ते म्हणाले, तीन, आणि छत्री घेऊन बाहेर पडले.

साहेबांना पत्र लिहून झालं, वरच्या साहेबांना लिहून झालं. पत्रांची पोच आली, पत्रांचं उत्तर आलं नाही. मग भाऊजींनी जे केलं, ते करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या गावाच्या मोठ्या वाचनालयात त्या पुस्तकाची एक प्रत होती. शहाण्यासुरत्या लोकांनी, अभ्यास करणाऱ्या मुलांनी, वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांनी आकडे बघायचे, तर ते त्याच प्रतीतून बघत. भाऊजी एका शनिवारी तिथे गेले, दोनशे चौदावं पान काढलं, आकड्यावर पेन्सिलीने चांदणी काढली, आणि तळाशी बारीक अक्षरात ती ओळ लिहिली.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, पुस्तकांत खुणा करू नयेत. भाऊजी म्हणजे रिकाम्या रस्त्यावरही डाव्या बाजूने चालणारा माणूस. घरी आले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. मी विचारलं, पेन का नाही वापरलंत? तर म्हणाले, शाईने लिहिणं म्हणजे गुन्हा, पेन्सिलीने लिहिणं म्हणजे सूचना.

पण सूचना पुसट होते. पानं उलटणारी बोटं घासतात, अक्षर फिकं पडतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहाच्या ठोक्याला भाऊजी निघत, वाचनालयात जात, ती ओळ पुन्हा गडद करत आणि येताना मी सांगितलेलं काही आणत. टाचण्या, साबण, दिव्याची वात. मी मुद्दाम काहीतरी सांगत असे, म्हणजे ते कामाला चाललेत असं शेजाऱ्यांना वाटावं आणि त्यांनाही.

वाचनालयातल्या ग्रंथपालाने वर्षभर काही म्हटलं नाही. मग एका शनिवारी भाऊजी पुस्तक मागायला गेले, तर ते आधीच टेबलावर काढून ठेवलेलं, आणि शेजारी दोन वस्तू. एक खोडरबर आणि एक शार्पनर. ग्रंथपाल रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले, "यातलं काय लागतं ते तुमचं तुम्ही बघा." भाऊजींनी शार्पनर वापरलं. पुढच्या महिन्यात खोडरबर तिथे नव्हतं.

आता माझं. तिसरं वर्ष गेलं, चौथं गेलं. पाचवं संपलं त्या दिवशी मी भाऊजींकडे बघायचं टाळलं. त्यांनीच तर नियम सांगितला होता ना, पाच वर्षांचा. त्या एका भांडणातलं सगळं मी विसरले असते, पण तो आकडा डोक्यातून जाईना. पाच वर्षं थांबतात, पुढे मग थांबत नाहीत. सहावं गेलं. सातव्यात तर मी मोजणं सोडून दिलं. आठव्या वर्षी मला मुलगी झाली.

दवाखान्यात भाऊजी आले, हात मागे बांधून पाळण्यापाशी उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले, जसा तक्ता बघत तसे, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मग मला म्हणाले, "धाकटे, नियमच आखूड होता."

आणि छत्री उचलून गेले. मी यांना म्हटलं, आज तर बुधवार आहे, भाऊजी कुठे निघाले? यांनी खांदे उडवले. आठ वर्षांनी बाप झालेल्या माणसाला वार विचारण्यात अर्थ नव्हता.

पुढची मोजणी आली, पुढचं पुस्तक आलं, साहेब बदलले. नव्या साहेबांनी मागच्याप्रमाणे, असं लिहून तोच तक्ता पुढे चालवला. त्या पुस्तकातही भाऊजींना पेन्सिल चालवावी लागली. मग ते निवृत्त झाले. ऑफिसने त्यांना घड्याळ दिलं आणि भाषणात एकाने त्यांना जुळणीचे महर्षी म्हटलं. समोरच्या चाळीतल्या त्या बाई ते ऐकून पुन्हा एक फोटो घेऊन आल्या, या वेळी भाच्याच्या मुलीचा.

निवृत्तीनंतरही पहिला शनिवार सुटला नाही. मुलगी मोठी झाली. काका इतकी वर्षं एकच पुस्तक वाचतात, अजून संपत कसं नाही, असं ती चिडवायची. भाऊजी म्हणायचे, एकाच पानावर अडलोय.

एक दिवस संध्याकाळी दार वाजलं. मुलीने उघडलं. दारात तिशीतली एक बाई, हातात फाइल, पायात धुळीने भरलेले बूट. आपण मोजणीच्या ऑफिसातून आलोय, आणि वाचनालयातल्या ग्रंथपालांनी हा पत्ता दिला, असं तिने सांगितलं. या वेळच्या मोजणीची ती मुख्य अधिकारी होती. भाऊजी खुर्चीतून उठले. मी त्यांना इतक्या वर्षांत कोणाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"पान दोनशे चौदावर तुम्ही लिहिता?" तिने विचारलं.

"मी लिहितो," भाऊजी म्हणाले. "ग्रंथपालांचा त्यात दोष नाही."

ती हसली आणि बसली. कॉलेजात असताना ती एक प्रबंध लिहीत होती म्हणे, उतारावरचे लोक जमीन का सोडून जातात यावर. सहा महिने खपली होती. आणि मग त्या पानाच्या तळाशी तिला पेन्सिलीची ओळ दिसली. ती जुनं पुस्तक बघायला गेली, मग स्वतः उतारावर गेली, आणि कोणी काही सोडून गेलेलं नाही हे तिने डोळ्यांनी पाहिलं. सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं.

भाऊजी म्हणाले, माफ करा. ती म्हणाली, माफी मागू नका, मी तुमची परवानगी मागायला आलेय. ती ओळ तिला या वेळच्या पुस्तकात छापायची होती. चांदणीसकट.

भाऊजी उठले होते ते पुन्हा खुर्चीत टेकले. मीच चहा टाकायला उठले, आणि साखर दोनदा घातली.

मग तिने फाइलमधून कागद काढला. ती ओळ तिने उतरवून आणली होती. "यात दोन वाक्यं आहेत," ती म्हणाली आणि वाचायला लागली. "'ही जमीन पडीक नसून विसाव्याची आहे, पूर्वीच्या मोजणीत ती आळीपाळीच्या रकान्यात धरलेली आहे.' हे मी छापते, याला जुन्या पुस्तकाचा आधार आहे. पण दुसरं वाक्य. 'विसाव्याला मुदत घालता येत नाही.' नियम तर पाच वर्षांचा आहे. याला आधार काय द्यायचा?"

दुसऱ्या वाक्याचं मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. मी कधी वाचनालयात गेले नव्हते. चहाची बशी हातात धरून मी दारातच थांबले आणि मला तो बुधवार आठवला.

माझी मुलगी त्याच वेळी खोलीच्या मध्यभागी उभी राहून तिची एक चप्पल कुठे गेली म्हणून सगळ्यांना विचारत होती. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"आधार आहे," ते म्हणाले. "पण सोबत जोडता येणार नाही."

बाई हुशार होती. तिने मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या वाक्याखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून कागद फाइलमध्ये ठेवला. चप्पल तिच्याच खुर्चीखाली निघाली.

पुस्तक आलं. चांदणी होती, तळटीप होती, पहिलं वाक्य जसंच्या तसं होतं. त्या ओळीच्या जोरावर उतारावरचे पुढचे तुकडे पडिकाच्या यादीतून वगळले. भाजीवालीचा तुकडा गेला तो गेलाच, त्यावर गोदाम उभं राहिलं होतं. पण तिच्या जावेचा वाचला. भाजीवाली तोवर थकली होती, टोपली तिची सून आणायची. तिने सासूचा निरोप सांगितला, पुस्तकाला म्हणावं, उशिरा का होईना, आम्हाला पाहिलंस. आणि एक भोपळा ठेवून गेली. भाऊजींनी तो आठवडाभर कापू दिला नाही.

मला वाटलं, आता तरी शनिवार थांबेल. छापून आलं, आता पेन्सिल कशाला? मी तसं म्हटलंही. भाऊजी बूट बांधत होते. म्हणाले, दुसरं वाक्य कुठे छापलंय?

त्यानंतर अकरा वर्षं ते एका वाक्यासाठी जात राहिले. आता ते पान माझ्याकडे आलंय. ग्रंथपालांच्या जागी त्यांची मुलगी बसते, शार्पनर त्याच टेबलावर आहे, आणि पुस्तकांत खुणा करणाऱ्या म्हातारीकडे ती बघत नाही. पण मला माझं सांगायचं नाही, भाऊजींचा शेवटचा शनिवार सांगायचा आहे. पुढच्या मंगळवारी ते गेले, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, कोणाला त्रास न देता. शनिवारी त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

महिन्याचा पहिला शनिवार होता. त्यांचा गुडघा दुखत होता. मी म्हटलं, आज राहू द्या, एका महिन्यात काय पुसलं जाणार आहे? ते म्हणाले, परीक्षा जवळ आल्यात, मुलं फार पानं उलटतात. निदान बसने जा, म्हटलं. बसने गेलं तर दोरा कुठून आणू, दुकान वाटेत लागतं, असं म्हणाले. मी त्यांना काळ्या दोऱ्याचं रीळ आणायला सांगितलं होतं. घरात दोन रिळं होती.

दहाच्या ठोक्याला ते निघाले. छत्री घेतली, वरच्या खिशात पेन्सिल आहे का ते चाचपलं. मी गॅलरीतून पाहिलं. गल्ली मोकळी होती तरी ते डाव्या बाजूनेच चालत होते, कोपऱ्यावर थांबून दोन्हीकडे बघून मग वळले.

साडेबाराला परत आले. छत्री खिळ्याला अडकवली, दोऱ्याचं रीळ फळीवर माझ्या शिवणाच्या डब्याशेजारी ठेवलं, उरलेली नाणी त्यावर रचून ठेवली. हात धुवायला मोरीत गेले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं पेन्सिलीने काळी झालेली दिसली. मी टॉवेल दिला आणि नेहमीसारखं विचारलं, कशी आहे ओळ?

"वाचता येतेय," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.